तत्त्वज्ञानाचे बदली कामगार

एम.ए.च्या वर्गात माझ्या मागच्या बाकावर माझे वडील बसायचे. हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, म्हणजे ते प्रोफेसर होते का? प्रोफेसर बिलकुल नव्हते. विद्यार्थी होते, आणि तेही माझ्या नोट्स मागून नेऊन वर माझ्या अक्षराची आईकडे तक्रार करणारे.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. इंदूरच्या कापड मिल एकेक करून बंद पडत होत्या. बाबा त्यातल्याच एका मिलमध्ये टाइमकीपर होते. भोंगा वाजला की फाटकावर उभं राहायचं आणि कोण वेळेवर आला, कुणाचा अर्धा दिवस कापायचा, हे ठरवायचं, हे त्यांचं काम. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःला कधी उशीर होऊ दिला नाही. लग्नातसुद्धा मुहूर्ताआधी बोहल्यावर हजर होते, असं आई सांगते. मग एका सकाळी फाटकालाच कुलूप लागलेलं निघालं, आणि या माणसाला जगात वेळेवर पोचावं असं ठिकाणच उरलं नाही.

तरी ते निघत. सकाळी डबा घेऊन, सायकलवर टांग टाकून. आम्ही सुदामा नगरात राहत होतो, तिथून ते लालबागेपर्यंत जात, झाडाखाली बसून डबा खात आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला परत येत. आईला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिने काही न बोलता डबा भरणं चालू ठेवलं. मला ते बघवत नसे, पण आमच्या घरात अशा गोष्टींवर बोलायची रीत नव्हती.

त्याच सुमाराला गल्लीत कॉम्प्युटर आला. शेजाऱ्यांनी पुढच्या खोलीतला सोफा विकून तीन मशीन मांडल्या आणि बाहेर पाटी लावली. त्या खोलीला एसी होता, कारण मशीनला गरमी सोसत नाही म्हणे. आत जाण्याआधी चपला बाहेर काढाव्या लागत. दत्ताच्या देवळातही जी मुलं चपला पायातच ठेवून लांबून नमस्कार करत, ती इथे मोजेसुद्धा झटकून आत जात. शेजारी रोज संध्याकाळी बाबांना म्हणत, "भिया, बेटी को डाल दो. आगे यही चलने वाला है." बाबा मान डोलवत. त्यांनाही ते पटत होतं.

आणि मी मात्र बी.ए. करून तत्त्वज्ञानात एम.ए. करायचं म्हणून हटून बसले होते, कॉलेजात नावही घातलं होतं. का, ते मला नीट सांगता येत नसे. त्या तासांना बसलं की डोक्यात एक खिडकी उघडल्यासारखं होई, एवढंच मला कळत होतं, पण हे घरी सांगायची सोय नव्हती. मामा सांवेर रोडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. तो म्हणाला, "फिलॉसफीची फॅक्टरी कुठं आहे ते सांग फक्त, मी वट लावून देतो." त्यावर सगळे पोट धरून हसले. मीही हसले, कारण वाक्य चांगलं होतं, आणि आत जाऊन रडले.

शेवटी बाबांनी निकाल दिला. ते स्वतः कॉलेजात जाऊन माझं नाव काढून आणणार होते.

आमचा विभाग म्हणजे कॉलेजच्या मागच्या अंगाची एक लांबट खोली. त्यात एक कपाट, एक माठ आणि एक सर. पूर्वी चार प्राध्यापक होते. एकेक निवृत्त झाला आणि त्याची जागा भरली गेली नाही, त्यामुळे आता तर्कशास्त्रापासून वेदान्तापर्यंत सगळे पेपर सर एकटेच शिकवत. सर मराठी होते, बारीक अंगाचे, शर्टाची वरची गुंडी लावणारे. बाबा तिथे पोचले तेव्हा ते रिकाम्या बाकांसमोर बसून चहा पीत होते. पुढचं मला सरांनीच सांगितलं. बाबांनी आपलं म्हणणं मांडलं. सरांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की वर्ग चालू राहायला दहा नावं लागतात. आत्ता नऊ आहेत. हे काढलं की आठ होतील, मग आणखी दोन मिळवणं काही होत नाही, तेव्हा वर्ग बंद होईल. आपण निःसंकोच काढा, मुलीचा प्रश्न आहे. एवढं बोलून त्यांनी बाबांनाही चहा दिला.

चहा पिता पिता बाबांनी विचारलं की वर्ग किती वाजता भरतो. सर म्हणाले, अकराला. बाबा म्हणाले, आत्ता अकरा वाजून गेलेत. सर म्हणाले, मुलं येतील तसा भरतो. हे उत्तर बाबांना सहन झालं नाही. एखादं खातं असं चालतं हेच त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी सरांना हजेरीची शिस्त या विषयावर बरंच ऐकवलं, आणि बोलता बोलता हेही निघालं की त्यांनी नोकरी करत करत नाइट कॉलेजातून बी.ए. केलं आहे. सरांनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला आणि म्हणाले, "मग आपणच का येत नाही?"

संध्याकाळी बाबा वेळेवर घरी आले आणि आईला म्हणाले, "उद्यापासून दोन डबे." माझं नाव काढायला गेलेला माणूस दहावं नाव होऊन परत आला होता. आई म्हणाली, "घरात एक फिलॉसफर होती तेवढी पुरे होती." पण दुसऱ्या दिवशी तिने दोन डबे भरले, आणि बाबांच्या डब्यात बऱ्याच दिवसांनी लोणचं घातलं.

दहा नावं ही कागदावरची शोभा होती. कुणाला हॉस्टेलची खोली टिकवायची होती, कुणाला छात्रसंघाची निवडणूक लढवायची होती, आणि मुली लग्न ठरेपर्यंत एम.ए. करत होत्या. प्रत्यक्षात वर्गात आम्ही तिघं: मी, बाबा आणि महूहून रेल्वेने येणारा एक मुलगा. त्याचे आजोबा फौजेत होते, आणि त्याला आयएएस व्हायचं होतं. बुद्धावर सर काही बोलले की तो हात वर करून त्यांना दुरुस्त करत असे.

बाबा पावणेअकरालाच दाराशी घड्याळ बघत उभे असत. महूचा मुलगा गाडी लेट झाली म्हणून उशिरा आला की त्याला म्हणत, "गाडी लेट असते हे माहीत आहे ना बेटा, मग आधीच्या गाडीने निघायचं." सरांची स्कूटर सकाळी चालू व्हायला कुरकुर करायची. एकदा सर वीस मिनिटं उशिरा आले तेव्हा बाबांनी त्यांना नमस्कार करून अगदी अदबीने सांगितलं की मिलमध्ये याला अर्धा दिवस धरतात. सर ओशाळले. पुढच्या महिन्यात त्यांनी स्कूटरचा प्लग बदलला.

मी लाजेने अर्धी होत असे. पण खरं सांगायचं तर बाबा आल्यापासून तासाला जीव आला होता. सर अद्वैत शिकवत होते. जग मिथ्या आहे, इथपर्यंत आले. बाबांनी उभं राहून विचारलं, "सर, जे नाहीच ते बंद कसं पडतं? मिल मिथ्या असेल तर कुलूप कशाला लावलंय?" सरांनी पुस्तक मिटलं आणि त्या एका प्रश्नावर आठवडाभर शिकवलं. बाबांचं समाधान झालं नाही ते नाहीच. प्रॉव्हिडंट फंड मिथ्या आहे हे आपण मान्य करतो, कारण तो कुणालाच दिसलेला नाही, पण मिल आपण डोळ्यांनी पाहिली आहे, असं ते म्हणत.

त्याच हिवाळ्यात मला बघायला उज्जैनहून एक मंडळी आली. पोह्यांच्या बशा फिरल्या, वर शेव, जिरावण मसाला, सगळं रीतसर. मुलाच्या काकांनी विचारलं, मुलगी काय करते? आईने सांगितलं, एम.ए. करते. काकांनी सहज बाबांकडे वळून विचारलं, आणि आपण? बाबा म्हणाले, "मी पण."

काकांना वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. बाबांनी खुलासा केला की आम्ही दोघं एकाच वर्गात आहोत, पण सहामाहीत तिला जास्त मार्क मिळाले. मंडळींनी पोहे संपवले आणि उज्जैनची बस गाठली. आई आठवडाभर बाबांशी बोलली नाही. मी मात्र त्या आठवड्यात त्यांच्या सगळ्या नोट्स स्वतः उतरवून दिल्या.

मग एक दिवस डबा खाताना बाबा सरांना म्हणाले, "सर, आपलं खातं बंद होऊन राहिलंय." सरांनी विचारलं, कशावरून? बाबा म्हणाले की आपला चपराशी कॉमर्सला हलवला, तो परत आला नाही. माठ कुणी भरत नाही. ट्यूबलाइट गेली ती नवीन येत नाही. मिलमध्ये अगदी याच क्रमाने झालं होतं, लूमखात्याला तर कुलूप लागण्याआधी वर्षभर पिण्याचं पाणी नव्हतं. सर हसले. जगातला सगळ्यात जुना विषय आहे हा, असं म्हणाले. बाबा म्हणाले, "जुनं खातंच आधी जातं, सर."

आणि खरोखरच नोटीस आली. प्राचार्य कॉमर्सचे होते आणि माणूस वाईट नव्हता, पण त्यांना त्या लांबट खोलीत कॉम्प्युटर लॅब दिसत होती. युनिव्हर्सिटीची समिती येऊन विभाग पाहणार होती. मुलं आहेत का, गरज आहे का, सरांच्या नंतर जागा भरायची की विभागच मिटवायचा, हे त्या एका भेटीवर ठरणार होतं. सर दोन वर्षांत निवृत्त होणार होते. विभाग मिटला तर पुढच्या वर्षीचा, म्हणजे माझा शेवटच्या वर्षाचा वर्ग भरेल की नाही याचीही शाश्वती नव्हती. तसं झालं तर मी चपला बाहेर काढून एसीत जाऊन बसणार हे ठरलेलं होतं.

हॉस्टेलवाले, निवडणूकवाले, लग्नवाल्या, कुणीच त्या दिवशी यायला तयार नव्हतं. बाबांनी सरांना धीर दिला. ते म्हणाले, "बदली लावू."

बदली म्हणजे मिलची जुनी पद्धत. कायम कामगार गैरहजर राहिला की फाटकावर उभ्या असलेल्या बदली कामगारांतून एकाला आत घ्यायचं आणि त्याचा साचा, म्हणजे माग, चालू ठेवायचा. कुणाला आत घ्यायचं हे बाबांनी वर्षानुवर्षं ठरवलं होतं. सर घाबरले. हे खोटेपणाचं होईल, असं म्हणाले. त्यावर बाबांनी त्यांना समजावलं की कुणी खोटं नाव सांगणार नाही, ही माणसं फक्त वर्गात बसून ऐकतील, आणि ज्ञान ऐकायला कुणाला मनाई आहे असं आपल्या कुठल्याच पेपरात लिहिलेलं नाही. सरांनी जरा विचार केला आणि हे तर्कदृष्ट्या बरोबर आहे, अशी कबुली दिली.

समितीच्या दिवशी परदेशीपुऱ्याच्या मिलवस्तीतून बाबांचे सोबती आले. मराठी, मालवी, उत्तरेकडचे भैये, सगळे एका खात्यात घाम गाळलेले. इस्त्रीचे शर्ट, तेल लावलेले केस. एक जण मुलीच्या लग्नातला कोट घालून आला होता, त्याच्या खिशात अजून अत्तराचा फाया होता. बाबांनी दाराशी उभं राहून सगळ्यांना तंबाखू थुंकायला लावली आणि एकेकाला बाकावर बसवलं. आमचा वर्ग आयुष्यात पहिल्यांदा भरला. माठसुद्धा बाबांनीच भरून आणला होता. महूच्या मुलाची गाडी लेट होती.

सरांनी शिकवायला सुरुवात केली. एवढी माणसं समोर पाहून त्यांचा आवाजच बदलला. तेवढ्यात प्राचार्य समितीला घेऊन आले. तिघे जण होते, नुकतीच कचोरी खाऊन आलेले. त्यांच्या अध्यक्षांचा विषय इतिहास होता हे नंतर कळलं. त्यांनी वर्गावरून नजर फिरवली, टकलं पाहिली, पांढऱ्या मिशा पाहिल्या, आणि मला वाटलं की आता संपलं. पण ते हसले. प्राचार्यांना म्हणाले, या वयात माणसं तत्त्वज्ञान शिकायला येतात ही तर चांगली गोष्ट आहे. ते आमच्या बाजूचे होते, हे मला आजही शपथेवर सांगता येईल. त्यांना शिफारस करायला फक्त निमित्त हवं होतं. म्हणून त्यांनी वर्गालाच विचारायचं ठरवलं.

"किताबें पूरी मिल जाती हैं?"

सगळे बाक एकदम उभे राहिले. "मिल जाती हैं, साहब."

कपाटात जी पुस्तकं होती त्यांना वाळवी लागली होती. अध्यक्षांनी पुन्हा, जरा आशेने विचारलं, "सारे परचे एक ही सर पढ़ाते हैं. और टीचर चाहिए होंगे?"

"नहीं साहब, भरपूर हैं."

सरांनी फळ्याचा आधार घेतला. प्राचार्यांचा चेहरा उजळत चालला होता. अध्यक्षांनी शेवटचं विचारलं, "कोई तकलीफ? खुलकर बताइए."

"कोई तकलीफ नहीं, साहब. सब ठीक है."

एका सुरात, हात बाजूला ताठ धरून. आणि सगळ्यांत मोठा आवाज माझ्या मागच्या बाकावरून आला होता. बसायचं कसं हे बाबांनी त्यांना सकाळी शिकवलं होतं, पण बोलायचं काय हे कुणीच शिकवलं नव्हतं. त्याची गरज नव्हती. मिलमध्ये फॅक्टरी इन्स्पेक्टर यायचा तेव्हा हीच माणसं याच उत्तरांनी उभी राहायची. दारात कोट घातलेला साहेब दिसला आणि त्याने तकलीफ विचारली की त्यांच्या तोंडून दुसरं काही निघतच नसे.

अध्यक्षांनी पेनाचं टोपण लावलं. तेव्हा मी उभी राहिले. मी म्हणाले, "तकलीफ है, सर."

बाबांनी मागून माझ्या ओढणीला हिसका दिला. "बस खाली. साहेबांसमोर नाही."

मी बसले नाही. वाळवी, ट्यूबलाइट, चपराशी, एकटे सर, जे सुचलं ते सगळं सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. प्राचार्य मध्ये पडले आणि म्हणाले, ही एक मुलगी बोलते आहे, बाकी सगळा वर्ग तर समाधानी आहे. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग उभ्या असलेल्या त्या सगळ्या समाधानी माणसांकडे. टोपण परत काढलं, काहीतरी लिहिलं, आणि मला म्हणाले, "आप अपना कोर्स पूरा करेंगी. उतना मैं करवा दूँगा."

तेवढंच झालं. आमचा वर्ग शेवटपर्यंत चालला, पण नवे प्रवेश बंद झाले आणि सरांची जागा त्यांच्याबरोबरच गेली. मी पुढे शिकवायला लागले, दुसऱ्या गावात, दुसऱ्या एका लांबट खोलीत. बाबा वेदान्ताच्या पेपरात नापास झाले. जग मिथ्या आहे याचं प्रमाण द्या असा प्रश्न होता, आणि त्यांनी सहा पानं भरून विरुद्ध बाजू मांडली होती. आमच्या खोलीत लॅब झाली. एसी लागला.

पण त्या दिवसाचं सांगत होते. समिती गेल्यावर मिलवाले खूश होते, आपण काम फत्ते केलं असंच त्यांना वाटत होतं. कोटवाल्या काकांनी मला बाजूला घेऊन समजावलं की मोठ्या माणसांसमोर मुलीने असं बोलू नये. सरांनी त्या सगळ्यांना चहा पाजला आणि एका शब्दाने कुणाला दुखावलं नाही. मी बाबांशी बोलत नव्हते. एरवी ते पुढे सायकलवर आणि मी मागे लेडीज सायकलवर, असे आम्ही जात असू. त्या दिवशी ते सायकल हातात धरून चालत निघाले, म्हणून मलाही चालावं लागलं.

लालबागेच्या भिंतीपर्यंत आम्ही आलो. वर्गात सरांना एका प्रश्नावर आठवडाभर शिकवायला लावणारा माणूस, आणि साहेब दिसल्यावर त्याला एक खरं वाक्य बोलता येऊ नये. मी हे सगळं त्यांना सुनावणारच होते. तेवढ्यात ते थांबले.

"इन्स्पेक्टर यायच्या आदल्या दिवशी खात्याखात्यात कोण फिरायचं, माहीत आहे? मी. मॅनेजरसाहेब मला पाठवायचे. काय बोलायचं ते मीच सांगून यायचो सगळ्यांना."

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली आणि घंटीवरची धूळ उगाच अंगठ्याने पुसत राहिले.

"मिल बंद पडली तेव्हा मी सगळ्यांना म्हणत फिरलो, आम्हाला कुणी विचारलंच नाही. विचारलं होतं गं, बेटा. दर वर्षी विचारलं होतं."